तेराव्याला ओतलेलं पाणी

सगुणाबाईंच्या दारची तुळस कधी वाळली नव्हती, आणि त्याच हातांनी त्यांनी मुलाची, अभिजीतची, माशांची टाकी मात्र एका सकाळीत निकालात काढली होती.

अभिजीतच्या तेराव्याला रीतीप्रमाणे घरातलं साठवणीचं पाणी ओतलं, भांडी घासली, फरशी धुतली. त्याच्या टाकीतलं पाणीही सुतकातलंच की! तेही ओतलं. झाडं उपटून फेकली, काच साबणानं लख्ख केली, खडे बादलीत भरून गच्चीवर ठेवले आणि मासे नळाच्या ताज्या पाण्यात सोडले. संध्याकाळपर्यंत एकही उरला नाही. सून क्षमा रिकाम्या काचेपुढे नुसती उभी राहिली. कडाकडा भांडली असती तर परवडलं असतं. त्या दिवसापासून तिचं सासूशी बोलणं हो-नाहीवर आलं. रोज सकाळी गच्चीवर जायची आणि डोळे लाल करून खाली यायची. आता रविवारी तिचा भाऊ तिला माहेरी आनेकलला न्यायला येणार होता. एकदा तिकडे गेली की ही परत यायची नाही, अशी धास्ती सगुणाबाईंना लागली होती.

म्हणून त्या बसवनगुडीतल्या घरून मेट्रोनं मल्लेश्वरमला गेल्या, अभिजीत टाकीसाठी झाडं घ्यायचा त्या दुकानात. दुकानदार रोशन बेळगावकडचा, मराठी बोलणारा.

"माझ्या हातून मरणार नाहीत अशी दे बाबा," त्या म्हणाल्या.

"मग जावा फर्न घ्या, अक्का. ही पुरायची नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायची. पुरली की कुजते. उजेड स्वल्प असला तरी चालतो." मग त्यानं तपकिरी पानांचं एक रोप दाखवलं. "हे क्रिप्ट. सोपं, पण घाबरवतं. पाणी बदललं की पानं विरघळून जातात. लोकांना वाटतं मेलं, उपटून टाकतात. खाली मूळ जिवंत असतं."

"आणि पाणी?"

"सगळं कधी ओतू नका. थोडं जुनं ठेवायचं. खडेसुद्धा घासायचे नाहीत, टाकीचा जीव त्यातच असतो."

सगुणाबाईंना गच्चीवरची खड्यांची बादली आठवली. "सरी, तसंच करते," म्हणून त्यांनी पिशवी उचलली.

घरी आल्या त्या थेट गच्चीवर, खड्यांची बादली आणायला. पाण्याच्या टाकीमागे सावलीत क्षमा उकिडवी बसली होती. पुढ्यात तीच बादली. खड्यांवर पाणी भरलेलं, आणि खड्यांतून दुकानातल्यासारखीच दोन तपकिरी पानं वर आलेली. सासूला पाहताच तिनं वाऱ्यात दिवा झाकावा तसा बादलीवर हात धरला.

"तुम्ही पुन्हा ओताल म्हणून सांगितलं नाही, आत्याबाई."

सगुणाबाईंनी पिशवी खाली ठेवली. पोर रोज इथे काय करत होती आणि कुणापासून लपवत होती, हे कळल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "रीत करायच्या नादात त्याचं होतं नव्हतं तेही ओतून बसले."

क्षमा पिशवीतली फर्न आणि दोऱ्याचं रीळ बघत राहिली. मग तिनं बादलीवरचा हात काढला.

"एका बाजूनं धरा. हिंदकळू देऊ नका."

दोघींनी बादली खाली आणली. खडे न धुता टाकीत गेले. सगुणाबाईंनी दगड धरला, क्षमानं फर्न बांधली. गाठ मारून तिनं दोरा दातानं तोडला.

"रविवारी मी जाणार आहे," ती म्हणाली.

सगुणाबाईंनी मान हलवली. अडवायला तोंड कुठे होतं?

"महिनाभरानं येईन. तोवर पाणी बदलू नका."