जेली न लागणारी बाई

मित्रांनो, मी एक जुने सोनोग्राफी यंत्र आहे आणि आधीच कबूल करतो, मी मत्सरी आहे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या सरावाच्या खोलीत सगळे मला 'आजोबा' म्हणतात.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय थाट होता! चौदा वर्षे भावी डॉक्टरांनी माझा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा माझा डोळा, जेली लावून एकमेकांच्या पोटावर फिरवला. पहिल्यांदा मूत्रपिंड दिसले की मुले टाळ्या वाजवत. आता माझे एक चाक कुरकुरते, पण पडदा अजून स्वच्छ आहे.

मग ती आली. सरावासाठी आणलेली रबरी बाई! दिवसभर पलंगावर आडवी. मला जेलीशिवाय काहीच दिसत नाही, तिला मात्र जेली लावावी लागत नाही, ती श्वास घेत नाही, आणि वर तिचा संगणक स्वतःच गुण देतो. मुलांची तिच्याभोवती झुंबड उडाली. माझ्यावर ॲप्रन लटकू लागले. माझा नुसता जळफळाट होई.

एके दिवशी शिकवणाऱ्या मॅडम मला पुसत म्हणाल्या, "आजोबा, उद्याची परीक्षा तुमच्यावर आणि जिवंत माणसावर. दगा दिलात तर भंगारवाला उभाच आहे." माझ्या तोंडचे पाणी पळाले.

परीक्षेला पोट दाखवायला वॉचमनकाका आले. पहिला नंबर एका चष्मेवालीचा. रबरी बाईवर तिला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले होते! तिने झटकन प्रोब उचलून काकांच्या कोरड्या पोटावर टेकवला. माझा पडदा काळाकुट्ट. तिने बटणे दाबली, वायर हलवली.

"मॅडम, हे मशीन बिघडलंय."

मॅडमनी वहीत काहीतरी टिपले. परीक्षेत त्यांनी काही सुचवायचे नसते. आता माझे काही खरे नाही, असे मला वाटले.

तेवढ्यात काका म्हणाले, "अहो डॉक्टर, माझ्या मुतखड्याच्या वेळी काहीतरी गार गार लावलं होतं. ते नाही का लावायचं?"

चष्मेवाली लालबुंद झाली. तिने जेली लावली आणि माझ्या पडद्यावर मूत्रपिंड उमटले, पण अर्धे बरगडीआड. खोल श्वास घेऊन धरला की ते खाली सरकते, पण काकांना तसे सांगावे, हे काही तिला सुचले नाही.

"आठवण काकांनी करून दिली, तर मार्क काकांना," मॅडम म्हणाल्या. "तू पुढच्या आठवड्यात परत ये."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बघ गं बाई, हीच का तुझी हुशार विद्यार्थिनी!

दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मेवाली एकटीच आली. तिचे डोळे सुजले होते. स्वतःच्याच पोटाला जेली लावून, श्वास धरून ती मूत्रपिंड शोधत राहिली. माझा आनंद तिथेच जिरला. आठवडाभर मी जीव ओतून चित्र दाखवले आणि ती पास झाली.

जाताना तिने माझा प्रोब पुसला, वायर गुंडाळली, माझ्यावर कापड घातले. मी सुखावलो. मग तिने तितक्याच मायेने बाईवरही चादर घातली. झाले! माझा पुन्हा तिळपापड.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागणे. काम झाले की प्रोबवरची जेली पुसा, वायर चाकाखाली येऊ देऊ नका, ॲप्रन खुंटीला अडकवा. बाईवर चादर घालायलाही माझी ना नाही. पण आधी माझ्यावर.