एका अंशाची मिनिटं

“हेलिकॉप्टर निघालंय, मॅडम. आता फोन ठेवा, बॅटरी वाचवा,” नियंत्रण कक्षातला माणूस म्हणाला, तेव्हा कुठे पुष्पा राठोडच्या जिवात जीव आला. वस्तीतल्या शाळेच्या गच्चीवर अख्खा तांडा दाटीवाटीनं बसला होता. खाली पैनगंगेचं गढूळ पाणी वर्गाच्या खिडक्यांना लागलं होतं.

गच्चीवर यायचं पुष्पानंच ठरवलं होतं. ढाणकीच्या एका शाळेत ती भूगोल शिकवायची. सकाळी नदी तांड्यात शिरली, तेव्हा लोक देवळाकडे निघाले होते. तिनं घाईघाईनं घरातला स्थलदर्शक नकाशा उलगडला. देऊळ आणि शाळा, दोन्ही सारखी उंची दाखवणाऱ्या त्याच दोन समोच्च रेषांच्या मधल्या पट्टीत. रेषांमध्ये वीस मीटरचा फरक. त्या वीस मीटरांत कोण उंच नि कोण सखल, ते नकाशा सांगत नव्हता. पण देवळाच्या वाटेवर नाल्याची निळी रेघ होती, शाळेच्या वाटेवर नव्हती. तेवढ्याच भरवशावर तिनं सगळ्यांना इकडे वळवलं. आता देवळाचा नुसता कळस दिसत होता. शाळेचंही काही खरं नव्हतं.

तिची सासू बिजलीबाई भिंतीला टेकून बसली होती. दम्यानं छातीचा भाता झालेला, आणि पंप घरात राहिलेला.

“येते ना वं विमान?”

“येते, याडी. निघालं म्हनते.” सासूला ती याडी, म्हणजे आईच म्हणायची.

पण विमान येईना. आभाळात ढग तेवढे सरकत होते. पाणी खिडकीच्या अर्ध्यावर आलं. चुलत दीर लखन तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

“वहिनी, इतका वेळ कायले लागून राह्यला? नांदेडवरून निघालं असन तरी आतालोक याले पाह्यजे होतं.”

पुष्पानं फोन उघडून नियंत्रण कक्षाला सांगितलेला अक्षांशाचा आकडा पुन्हा पाहिला. एकोणीस, टिंब, चोपन्न. तिनं फोनवर तसंच वाचून दाखवलं होतं, रेखांशही तसाच. “म्हणजे एकोणीस अंश चोपन्न मिनिटं ना?” त्या माणसानं विचारलं होतं. मागे लेकरं रडत होती, बाया ओरडत होत्या. ती “हो, हो” म्हणून मोकळी झाली होती.

एका अंशाची साठ मिनिटं, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची. फोनवरचे चोपन्न मात्र अंशाच्या शंभर भागांतले होते. त्यांची मिनिटं होतात बत्तीस. बावीस मिनिटांचा फरक, म्हणजे उत्तरेला चाळीसेक किलोमीटर. हेलिकॉप्टर तिकडे पुसदच्या डोंगरांवर घिरट्या घालत असणार.

“लखन, म्या चुकीचं ठिकान सांगतलं.”

लखननं मागे वळून लोकांवर एक नजर टाकली. “हळू बोला. लोकायले समजलं तं हातपाय गळतीन त्यायचे. पह्यले फोन लावा.”

गच्चीवर रेंज येत-जात होती. ती पाण्याच्या टाकीवर चढली. लखननं खालून तिचे पाय धरले. फोन लागेना. लागला तर व्यस्त. बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. एकदा फोन हातातून निसटता निसटता वाचला.

“मॅडम, ते तिथंच फिरताहेत,” पलीकडून आवाज आला. “खाली पूर दिसत नाही म्हणतात.”

“चूक माझी आहे, साहेब! मी दिलेले दोन्ही आकडे दशांशात आहेत. मिनिटं नाहीत ती! अक्षांश एकोणीस अंश बत्तीस मिनिटं धरा. बत्तीस! नदीच्या वळणावर—”

फोन काळा पडला.

“आयकलं त्यायनं?” लखननं विचारलं.

“मले नाही मालूम.”

ती खाली उतरून सासूजवळ बसली. बिजलीबाईच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता. पुष्पानं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिचा बांध फुटला.

“कायले रडतं?”

“माह्या चुकीनं विमान भलतीकडं गेलं, याडी.”

बिजलीबाईनं दम खाल्ला. “मंग? वापस बलावलं का नाही?”

“बलावलं.”

“मंग बस उगी.”

पुष्पा उगी बसली. पण कान आभाळाला लागलेले. दोनदा तिला भास झाला. तिसऱ्यांदा लखन ओरडत उठला, आणि ढगांखालून तो ठिपका मोठा होत आला.

आधी म्हाताऱ्यांना नि लेकुरवाळ्यांना उचललं. दोरानं खाली उतरलेल्या जवानानं बिजलीबाईच्या कमरेला पट्टा बांधला, सोबतीला तिच्यापाठोपाठ पुष्पाला वर घेतलं. आत एकानं बिजलीबाईच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावला. जरा वेळानं तिनं तो हातानं बाजूला केला.

“आपलं घर कोनतं वं?”

पुष्पानं खाली वाकून पाहिलं. गल्ली नव्हती, विहीर नव्हती, नाला नव्हता. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच मातकट रंग. तिला काहीच ओळखू येईना. पाण्याबाहेर एका झाडाचा शेंडा आला होता. तिनं तिकडे बोट केलं.

“थे पाहा, याडी. त्या झाडापाशी.”

बिजलीबाई बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग तिनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. पुष्पानंही त्याच पाण्याकडे पाहून हात जोडले.