हत्तीच्या पाठीवरची लढाई

मित्रांनो, मी काही जन्माची लढवय्यी नाही. मी एसटीच्या वायपरची एक जुनी मोटर. लढाई माझ्या वाट्याला आली ती म्हातारपणी, आणि तीही हत्तीच्या पाठीवर. कशी, ते सांगते. सांगताना थोडं तिखटमीठ पडेल, तेवढं चालवून घ्या.

१९८२ साली मी कारखान्यातून निघाले आणि कल्याण डेपोच्या एका गाडीत काचेखाली बसले. बारा वर्षं माळशेज घाट चढले-उतरले. काच डावीकडून उजवीकडे पुसायची, मग उजवीकडून डावीकडे, एवढंच काम. एकदा गाडी धबधब्याखालून जात असताना मी काचेवरून एक मासा बाजूला सारला. पटत नसेल तर राहू द्या, पण आमचे डायव्हर परशुराम अण्णा यांनी तो आळेफाट्याला तळून घेतला होता. अण्णा आठवड्यातून एकदा मला दोन थेंब तेल द्यायचे आणि म्हणायचे, गाडीपेक्षा ही पोरगी गुणाची.

गाडी भंगारात निघाली, तिच्याबरोबर मीही निघाले. भंगारातून मला उचललं नामाने. नामा ठाकुर्लीजवळच्या चोळे गावचा, रेल्वेच्या पॉवरहाऊसमधून रिटायर झालेला वायरमन. गल्लीतल्या गणपतीचा हलता देखावा दर साली तोच करायचा. पुतळे माना हलवतात, टेपवर गोष्ट लागते, बघणारे वा वा म्हणतात, आणि खाली फळ्यांच्या आत माझ्यासारखी कुणीतरी गरागरा फिरत असते. मी कालियाचा फणा डोलवला. कंसाच्या पहारेकऱ्यांना डुलक्या काढायला लावल्या. कौतुक मात्र नेहमी पुतळ्यांचंच झालं.

१९९९ साली गजेंद्रमोक्ष ठरला होता. मे महिन्यात नामाने बांबू, गोणपाट आणि प्लास्टरचा हत्ती उभाही केला. तेवढ्यात तिकडे कारगिलला लढाई जुंपली. संध्याकाळी सगळी गल्ली मंडळाच्या टीव्हीसमोर बसू लागली. ज्यांनी दिवा स्टेशनच्या पलीकडचं जग धड पाहिलं नव्हतं, ते तोलोलिंग शिखराची चढण हवेत बोटाने काढून दाखवू लागले. शत्रू डोंगरावर बसला आहे आणि आपली पोरं खालून चढताहेत, एवढं शेंबड्या पोरालाही कळत होतं. जुलैत टायगर हिल घेतल्याची बातमी आली आणि मंडळाचा अध्यक्ष काळुराम याने फर्मान काढलं, यंदा कारगिल. मग हत्तीची सोंड कापली, पाठीवर कापूस चिकटवला, आणि झाली टायगर हिल. कंसाचे पहारेकरी मिशा उतरवून वर शत्रू म्हणून बसले. एकाला डुलकीची सवय होती, ती शेवटपर्यंत गेली नाही.

नामाने सायकलची चाकं जोडून माझा वेग इतका उतरवला, की माझी एक फेरी चार मिनिटांची झाली. पुठ्ठ्याचा एक जवान हळूहळू हत्तीची पाठ चढायचा. निम्म्यावर आला की टेपवर गोळी वाजायची आणि जवान उताणा पडायचा. तो पडला की त्याच्याच ओझ्याने दोरी ओढली जायची आणि शिखरावर झेंडा चढायचा. जवान पडल्याशिवाय झेंडा नाही, अशी ती रचना. काळुरामचीच कल्पना. त्या क्षणाला बायका पदर डोळ्यांना लावायच्या, आणि दर चार मिनिटांनी काळुराम खूश व्हायचा.

समोरच्या चाळीत मालनबाई राहायच्या, मूळच्या माणदेशातल्या. त्यांचा मुलगा तानाजी त्याच लढाईत होता. त्याचा डावा पाय तिकडेच राहिला. दोन महिने तो पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होता आणि गणपतीच्या सहाव्या दिवशी घरी यायचा होता. पाचव्या दिवशी मालनबाई देखाव्यापुढे उभ्या राहिल्या. चार फेऱ्या पाहिल्या. मग पडदा सारून आत आल्या.

"नामाभाऊ, उद्या त्यो येनार. आल्या आल्या गणपतीच्या पाया पडनार. त्याच्याम्होरं तेवढं ह्या पोराला पाडू नका."

नामाने विचारलं नाही, पण त्यांनीच सांगितलं. तानाजीच्या पुढे आनंदा नावाचा पोरगा चढत होता, तो गोळी लागून असाच उताणा पडला. दवाखान्यात तानाजी झोपेत अजून त्याला उठवायचा.

नामाने काळुरामला गाठलं. नेमके सहाव्या दिवशीच ठाण्याच्या नौपाड्याहून देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते. काळुराम म्हणाला, मालनकाकूंबद्दल त्याला आदर आहे, पण जवान पडला नाही तर झेंडा कसा चढेल, आणि झेंड्यावाचून कारगिल दाखवायचं तरी कसं? वर टोमणाही मारला, "नामाकाका, पॉवरहाऊस बंद पडलं तशी तुमची पॉवरपन गेली काय?"

नामा परत फळ्यांच्या आत आला. त्याने मला पुसलं, तेल दिलं आणि फळी लावून टाकली.

सहाव्या दिवशी संध्याकाळी परीक्षक आले. तिघे होते, हातात कागद. काळुराम नवा सदरा घालून त्यांच्यामागे उभा होता. टेप सुरू झाली आणि मी फिरू लागले. जवान चढू लागला. इतक्यात गर्दी दोन्ही बाजूंना सरकली आणि मधून कुबडीचा आवाज आला. फळ्यांच्या फटीतून मला एक बूट दिसला. एकच. त्याच्या शेजारी मालनबाईंच्या वहाणा.

टेपवर गोळी वाजली. आणि मी अडले.

जवान निम्म्या वाटेवर तसाच उभा. टेपला काय कळतंय? ती आपली ओरडत राहिली, की पाहा, शिखरावर तिरंगा फडकला. शिखरावर फक्त डुलक्या काढणारा शत्रू. कुणीतरी खुदकन हसलं. एका परीक्षकाने कागदावर काहीतरी खोडलं. काळुरामने घामाघूम होऊन पडदा सारला आणि विचारलं, झेंडा का नाही गेला.

उत्तर बाहेरून आलं.

"आमचाही त्या दिवशी नव्हता गेला." तानाजी पुठ्ठ्याच्या जवानाकडे बघत होता. "दिवसभर असेच दगडाला चिकटून होतो. दुसऱ्या दिवशी गेला." मग म्हणाला, "याला राहू द्या असाच. उभा आहे ना."

मालनबाईंनी गणपतीपुढे नारळ ठेवला, आणि मायलेक हळूहळू घरी गेले.

बक्षीस गेलं. काळुराम एक दिवस नामाशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, झेंड्याची दोरी वेगळी करा. विसर्जनापर्यंत जवान निम्म्यावर उभा राहिला आणि दर चार मिनिटांनी अध्यक्षांनी स्वतः फळ्यांच्या आत बसून हाताने झेंडा चढवला. हाताला फोड आले, पण दुसऱ्या कुणाला दोरी दिली नाही.

आता गल्लीत म्हणतात, त्या संध्याकाळी नामाचा हात माझ्या वायरीजवळ होता. असेलही. वायरमनचा हात वायरीजवळ नसेल तर कुठे असेल? नामाला विचारलं तर तो सांगतो, जुनी मोटर, अडली. मी तर सांगतेच आहे, मी मनानेच अडले. माशावर विश्वास ठेवलात, तसा यावरही ठेवा.

हल्ली मी नामाच्या पत्र्याच्या पेटीत असते, फडक्यात गुंडाळलेली. कधीमधी तो झाकण उघडून दोन थेंब तेल सोडतो. म्हणून, मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुन्या मोटरींना विसरू नका, त्यांना वेळेवर तेल द्या. आणि एखादी ऐनवेळी अडलीच, तर लगेच हातोडी उगारू नका. आधी बघा, समोर कोण उभं आहे.