भुवईवरची पट्टी

एकावन्न किलो म्हणजे एकावन्न किलो. काट्याला दयामाया नसते. पाण्याचे मीटर तपासत गल्लोगल्ली फिरणाऱ्या आणि मुष्टियुद्धात फ्लायवेट गटात खेळणाऱ्या, किरकोळ अंगामुळे 'काडी' हेच नाव पडलेल्या काडीला हे बारा वर्षांत पाठ झालं होतं. पाच वेळा तो परदेशी स्पर्धांना गेला आणि पाचही वेळा पहिल्याच फेरीत हरून परतला. त्यातही चारदा पंचांच्या तीन विरुद्ध दोन मतांनी. तोंडाशी आलेला घास जायचा तो जायचाच. घरी आला की बाबा एकच विचारायचे, "कोणाला हरवलंस?" आणि हा खाली मान घालून बूट काढत बसायचा.

ही सहावी खेप, आणि शेवटची. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. त्याला पदकबिदक नको होतं. परदेशात एक, फक्त एक लढत जिंकायची होती.

नशिबाने तर थट्टाच मांडली. पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. दुसऱ्या फेरीतला प्रतिस्पर्धी वजनात बसला नाही, तीही लढत न खेळताच पदरात पडली. एक ठोसा न मारता गडी उपांत्य फेरीत, आणि तिथे हरला तरी कांस्यपदक ठरलेलं! सोबतचे पाठ थोपटत होते आणि हा सगळ्यांवर खेकसत होता.

उपांत्य लढतीच्या सकाळी वजन सत्तर ग्रॅम जास्त भरलं. दोन दिवस ओलं फडकं चोखून काढलेले. आता अंगात गाळायला घामही उरला नव्हता. मुदत अर्ध्या तासाची. सर म्हणाले, केस काढू. सर म्हणजे पहिल्या दिवसापासूनचे त्याचे प्रशिक्षक. हा उपाशी असला की तेही जेवत नसत, कितीही विनवलं तरी. आत्ताही त्यांच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं. न्हाणीघरात स्टुलावर बसवून त्यांनी वस्तरा चालवला. डोकं छान गुळगुळीत झालं. शेवटी कपाळावरची एक बट उरली, आणि ती काढताना त्यांच्या हातातला वस्तरा निसटून भुवई चिरली.

काटा बरोबर एकावन्नावर थांबला. मग डॉक्टरांनी भुवई पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. उघड्या जखमेने रिंगणात उतरता येत नाही. सरांनी अक्षरशः हातापाया पडून पाहिलं, पण छे, नियम तो नियम. काडी भिंतीला डोकं टेकून ढसाढसा रडला. सरांवर चिडावं तर कुठल्या तोंडाने? दुपारच्या ताटाला दोघंही शिवले नाहीत.

घरी शेजारीपाजारी जमले, पदक हातोहात फिरलं. सोबत आलेले सर कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसले होते. बाबांनी या वेळी नेहमीचा प्रश्न विचारलाच नाही. पदक आलंय म्हणजे कोणीतरी हरलंच असणार. त्यांनी भुवईवरच्या पट्टीवर हलकेच बोट ठेवलं.

"ठोसा बराच जोरात बसलेला दिसतोय."

सर उठून उभे राहिले. ते तोंड उघडणार तोच काडी म्हणाला, "हो बाबा. सर खालून ओरडत होते, हात वर ठेव म्हणून. मीच ऐकलं नाही."

"तुझी खोडच आहे ती," बाबा म्हणाले. "बारा वर्षं घसा कोरडा करतायत ते. जरा ऐकलं असतंस तर ही लढतही जिंकला असतास."

"हो," काडी म्हणाला, आणि बूट काढायला खाली बसला.