कृपया हात लावू नये

मित्रांनो, खोकल्यासारखा आवाज आला तर दचकू नका. तो मीच काढते. चर्चमध्ये शिरलात की वेदीच्या उजव्या हाताला, भिंतीला टेकून, चकचकीत तपकिरी रंगाची पेटी दिसते ना, तीच मी. पायपेटी. मला वाजवायला खुर्चीवर बसावं लागतं. खाली दोन पायटे आहेत, ते आळीपाळीनं दाबले की पोटातला भाता भरतो आणि मी गाऊ लागते. निदान पूर्वी गायचे. आता मी म्हातारी झाले आहे, आणि फटकळ तर पहिल्यापासूनच आहे. त्यामुळे गोष्ट गोड करून सांगणार नाही.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. लाकूड त्यानं कापलं, पण आवाज दिला तो त्याच्या बायकोनं. पितळेच्या पातळ जिभा ती एकेक करून घासायची, फुंकून बघायची, पुन्हा घासायची. भात्याचं कातडंही तिनंच शिवलं. नवऱ्याला सदा घाई. ती त्याला म्हणायची, "तुमचं लाकूड मुकं असतं. हिला चारचौघांत तोंड उघडायचंय, जरा दम धरा." मी तिथून निघाले तेव्हा ती कारखान्याच्या दारात उभी राहून बराच वेळ बघत होती.

चर्चमध्ये माझं स्वागत झालं, प्रार्थना झाली, आणि मग कळलं की मला वाजवणारं इथे कोणीच नाही. पाळकांनी मंडळीला विचारलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. शेवटी मागच्या बाकावरून एक बाई उठली. शिवणकाम करायची ती. कडेवर तान्ही लेक होती. ती म्हणाली, "वाजवता येत नाही मला. पण पाय चालतात." लोक हसले. तिचं मात्र खरं होतं. दिवसभर ती शिलाई मशीन पायांनी चालवायची. हात शिकायला वेळ लागला, पाय पहिल्या दिवसापासून तयार होते. पुढे तिचं खरं नाव सगळे विसरले आणि पेटीबाई हेच नाव पडलं.

तिच्या हातून मी किती गीतं गायले याची गणतीच नाही. रविवारची उपासना, शुक्रवारचा गायन मंडळाचा सराव, बाप्तिस्मे, लग्नं. ती यायची तेव्हा तिच्या बाहीला दोरे चिकटलेले असायचे. गीतं बसायची ती घरी, मशीनवर. लांबलचक पडदा शिवायचा असला की संथ गीत, बाह्या जोडायच्या असल्या की नाताळचं. गायन मंडळात एक खाटीक होता, त्याचा आवाज सगळ्यात खालचा आणि सगळ्यात मोठा. बाकीच्यांचा आवाज त्याच्यापुढे बुडून जायचा. पेटीबाई त्याला म्हणायची, "दादा, देव बहिरा नाहीये हो." तो पुढच्या ओळीला हळू गायचा आणि त्याच्या पुढच्या ओळीला विसरायचा. तिची लेक माझ्याशेजारी उभी राहून पानं उलटायची. गळा तिचा बापावर गेला होता, म्हणून तिला पानांवरच ठेवलं होतं.

पण मित्रांनो, माझं खरं काम दफनाच्या दिवशी असायचं.

एका हिवाळ्यात तापाची साथ आली. तुम्हाला वाटेल त्याहून ती वाईट होती. वेदीसमोर रोज शवपेटी यायची, कधी मोठी, कधी अगदी छोटी. लोक गायला उभे राहायचे आणि पहिल्याच वरच्या सुराला त्यांचा आवाज फाटायचा. गीत तिथेच मोडायचं. मग नुसतं रडणं उरायचं आणि त्या रडण्यात घरच्या माणसांना आणखी एकटं वाटायचं. पेटीबाईच्या ते लक्षात आलं. तिनं गीत दोन पट्ट्या खाली घेतलं. पुस्तकात छापलं होतं त्याहून खाली. ती पाळकांना म्हणाली, "रडणाऱ्याचा गळा वर चढत नाही. आपणच खाली उतरायचं." तेव्हापासून दफनाचं गीत आमच्याकडे खालच्या सुरातच व्हायला लागलं. गीत एकच असायचं, संध्याकाळच्या उपासनेनंतर म्हणतात ते निरोपाचं. तेवढं पूर्ण म्हणायचं आणि मगच शवपेटी उचलायची, असा शिरस्ता पडला.

खाटकाची बायको त्याच साथीत गेली. तो पुढच्या बाकाशी तोंड मिटून उभा होता. एवढा मोठा आवाज त्याचा, पण ओठ हलत नव्हते. पहिलं कडवं त्याच्याशिवाय झालं. मग पेटीबाईनं उजवा हात काढून घेतला आणि नुसत्या डाव्या हातानं त्याचीच ओळ वाजवायला सुरुवात केली. ती वाजवत राहिली, तो गाण्यात सामील होईपर्यंत. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर तो आला. काही चांगलं गायला नाही. रडत रडत, सुरात-बेसुरात गायला. पण बायकोला त्यानं गाऊन पोचवलं. घरोघरी हेच. पेटीबाई वाजवत होती तोवर या मंडळीतलं एकही माणूस त्या गीतावाचून मातीत गेलं नाही.

वर्षं गेली. मशीनचे पायटे आणि माझे पायटे, दोन्हींनी मिळून पेटीबाईचे गुडघे खाऊन टाकले. लेक तोवर मोठी होऊन रुग्णालयात परिचारिका झाली होती. तिनं आईला बजावलं, "आता पुरे झालं. मशीन बंद, पेटी बंद. पाय हलवायचे नाहीत." पेटीबाई कुरकुरली, पण लेकीपुढे तिचं काही चाललं नाही. तिची खुर्ची खिडकीशी मांडली गेली. हातात चहासुद्धा आयता मिळायला लागला.

मंडळीनं तिचा निरोप समारंभ केला. भाषणं झाली. माझीही स्तुती झाली, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चर्चचा कारभार बघणारे एक पंच होते, त्यांनी स्वतःच्या खर्चानं पितळेची पाटी करून माझ्या कपाळावर ठोकली. 'पेटीबाईंच्या सेवेच्या स्मरणार्थ. कृपया हात लावू नये.' झाकणाला कुलूप घातलं. किल्ली पंचांच्या जुडग्यात गेली. वाजवायला विजेवर चालणारा नवा कीबोर्ड आला आणि तो वाजवायला पंचांचा जावई. जावई गरीब स्वभावाचा होता, पुस्तकात जसं छापलं असेल तसं नीट वाजवायचा. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्या समारंभानंतर सगळे पांगले. पेटीबाई माझ्याजवळ बसून राहिली. लेक आणि पंच तिला उठवायला आले, तेव्हा ती म्हणाली, "माझं एक मागणं आहे. माझ्या दफनाला हीच वाजू दे. खालच्या सुरात." मग लेकीकडे बघून, "आणि तू वाजव."

"आई, काहीतरीच काय बोलतेस."

"गाता तर तुला येत नाही. निदान वाजव. कबूल कर."

लेकीनं कबूल केलं. पंचांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं, "काळजी करू नका. तोपर्यंत हिला फुलासारखी जपतो."

आणि जपलं हो त्यांनी. तेच तर सांगतेय. दर शनिवारी मला तेल-पाणी, म्हणजे वरून. लाकूड असं चमकवायचे की त्यात तोंड दिसावं. अंगावर भरतकामाचं कापड, त्यावर फुलदाणी. बाहेरून पाहुणे आले की पंच त्यांना माझ्यासमोर उभं करायचे. पाहुणे माना डोलवायचे. कुणी कौतुकानं झाकणावर बोट ठेवलं की पंच हळूच ते बोट उचलून बाजूला ठेवायचे.

लेक मधूनमधून किल्ली मागायला यायची. सराव करायचा होता तिला. पंच म्हणायचे, "अहो ताई, आईची आठवण आहे ही. वाजवून झिजवायची का? वेळ येईल तेव्हा उघडूच की." ते मनापासून बोलायचे, म्हणून तिला भांडताही यायचं नाही. मग ती घरी जेवणाच्या टेबलावर बोटं चालवून सराव करायची. पेटीबाई समोर बसून नुसती बोटं बघायची आणि म्हणायची, "चुकलीस. तिथे काळी पट्टी आहे." रविवारी पहिल्या बाकावर बसून दोघी मायलेकी यावरून हसायच्या, ते मी ऐकायचे. मला मात्र त्यात हसता यायचं नाही.

कारण आत काय चाललं होतं, ते मला ठाऊक होतं. भात्याचं कातडं रोज हललं तर मऊ राहतं. बसून राहिलं की ते वाळतं, घडीघडीवर कडक होतं आणि मग तडकतं. एका उन्हाळ्यात पहिली चीर गेली. मागच्या फटीतून उंदीर शिरला आणि त्यानं उरलेल्या कातड्याची चव घेतली. फुलदाणीचं पाणी झिरपून पितळेच्या जिभांवर हिरवा गंज चढला. मी काय करणार? हवा भरल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही, आणि हवा भरायची तर पाय लावायला हवेत. तोंड असून मी मुकी. रोज एकच घोर लागलेला. पेटीबाई थकत चाललीय, आणि तिला माझ्यावर भरवसा आहे.

ती गेली तो दिवस ढगाळ होता. चर्च माणसांनी भरून गेलं. वेदीसमोर शवपेटी ठेवली. पंचांनी स्वतः फुलदाणी उतरवली, कापडाची घडी केली, कुलूप काढलं. लेक येऊन बसली. तिनं पट्ट्यांवर बोटं ठेवली, बरोबर दोन पट्ट्या खाली, आणि पायटा दाबला.

फस्स.

एवढंच. तिनं दुसरा पाय दाबला. आतून वारा गेला आणि एक सूर उमटला, तोही लगेच बसला. पंच कानाशी वाकून म्हणाले, "जोरात मारा ताई, जोरात." तिनं जीव खाऊन पाय मारले. मी सगळी ताकद लावली, देवाशप्पथ लावली. चीर होती ती कापडासारखी टरकन फाटत गेली. सगळ्या चर्चला माझा तो घरघरता श्वास ऐकू जात होता.

जावई बिचारा धावत कीबोर्डकडे गेला आणि त्यानं गीत सुरू केलं, पुस्तकातल्या सुरात. लोकांनी उचललं. वरच्या सुराला आवाज फाटले. तिसऱ्या ओळीपाशी अर्धेअधिक थांबले, चौथीला कोणीच उरलं नाही. कीबोर्ड एकटाच थोडा पुढे गेला आणि मग तोही गप्प झाला. पाळक म्हणाले, "प्रार्थना करू या."

कबरस्तान चर्चच्या मागेच आहे. खिडकी उघडी होती. मी कान देऊन ऐकत होते की आता तरी कोणी सुरू करेल. पण फक्त फावड्यांचा आवाज आला. गावभर सगळ्यांना गाऊन पोचवलं जिनं, ती अशी गेली.

सगळे निघून गेल्यावर लेक आईचा चष्मा न्यायला परत आली. वाजवायला बसताना तिनंच तो गीताच्या पुस्तकावर ठेवला होता. पंच माझ्यासमोरच बसले होते. कुलूप त्यांच्या मांडीवर होतं. रडून त्यांचे डोळे सुजले होते. ते म्हणाले, "ताई, आम्ही खूप जपली होती हो हिला. एक ओरखडा येऊ दिला नाही."

लेक माझ्या पायट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी पण तिला असंच जपलं, काका. खुर्चीत बसवून. शेवटी शेवटी तर दोन पावलं टाकता येत नव्हती तिला. मला वाटायचं, गुडघे वाईट आहेत म्हणून. ती रोज म्हणायची, मशीनपाशी थोडं बसू दे गं. मी म्हणायचे, आई, तू फक्त आराम कर."

लेकीनं चष्मा पर्समध्ये ठेवला आणि ती घरी गेली. रिकाम्या घरी.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेटीचा कातडी भाता शिवणारी माणसं आता राहिली नाहीत, तेव्हा माझं काही होईल असं वाटत नाही. माझ्यासाठी मी काही मागत नाही. पण तुमच्या घरात एखादं वाद्य झाकून ठेवलेलं असेल, तर आज त्यावरचं कापड काढा. वेडंवाकडं वाजवा, शेजारी ओरडले तर ओरडू देत. आणि खिडकीपाशी कोणी म्हातारं माणूस बसवून ठेवलेलं असेल, आणि ते म्हणत असेल की मला भाजी निवडू दे, मला दाराशी जाऊ दे, मला एक कडवं म्हणू दे, तर त्याला 'तू आराम कर' म्हणू नका. त्याला हाताला धरून उठवा. दुखलं तर दुखेल. ते तुमच्याकडे परत परत मागत असेल, तोवरच वेळ आहे.