फुकटचं नाव

वाकचौरे सरांचं नाव एका मंगळवारी सकाळी घर सोडून समोरच्या रिकाम्या प्लॉटवर राहायला गेलं. घर जागेवरच राहिलं. दाराशेजारी स्क्रूंची चार भोकं उरली आणि त्यांच्यामधली भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसू लागली.

सर भोकांकडे बघत उभे असताना प्रमिलाताई चहा घेऊन बाहेर आल्या.

"अहो, पाटी कुठं गेली?"

"समोर."

"मग आणा की."

"ती आपली नव्हती," सर म्हणाले.

खरंच नव्हती. अकोले गावच्या कॉलेजात छत्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर सरांनी रानभाज्यांची वेबसाइट काढली होती. श्रावण लागला की डोंगरातल्या बायका डहाळ्या घेऊन त्यांच्या दारात यायच्या, "सर, ही खायाची का?" म्हणून विचारायच्या, आणि सरांना माणसांसमोर तोंड उघडायचं म्हणजे घाम फुटायचा. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. त्यांनी दोनशे चौदा वनस्पती फोटोंसकट लिहून काढल्या. प्रत्येक नोंदीखाली ते लिहायचे : माझी पूर्ण खात्री नाही, जाणत्या माणसाला दाखवावी. तसं फक्त कळलावीखाली नव्हतं. तिथे लिहिलं होतं : पानाचं टोक दोऱ्यासारखं वळून आधार धरतं. कंद नांगराच्या फाळासारखा. विषारी. खाऊ नये. खात्री आहे.

वेबसाइटला नाव लागतं. एक कंपनी नावं फुकट देत होती. सरांनी 'वाकचौरे सर' एवढंच घेतलं आणि त्याची पाटी कंपनीनेच दाराशेजारी लावून दिली. कंपनीचा करार चाळीस पानांचा होता आणि शेवटी 'वाचलं' अशी एक चौकट होती. सरांनी आयुष्यात पुस्तकांची शुद्धिपत्रंसुद्धा वाचली होती. पण ती चौकट त्यांच्याकडे बघत होती आणि तिला ताटकळत ठेवणं त्यांना अवघड वाटलं. त्यांनी खूण केली. दोन वर्षं लोक त्या नावावर येत राहिले. पुरेसे लोक येऊ लागल्यावर कंपनीने नाव काढून घेतलं आणि दुसऱ्याला विकलं. करारात ते होतं. एकतिसाव्या पानावर.

दुपारपर्यंत प्लॉटवर दाराची एक चौकट उभी राहिली. तिला भिंती नव्हत्या, तरी लोक बाजूने न जाता तिच्यातूनच आत जात होते. वर सरांची पाटी होती. आत खुर्चीत बसलेल्या माणसाने सरांचा राखाडी स्वेटर घातला होता. तोच स्वेटर सरांच्याही अंगात होता, पण त्या माणसाच्या अंगात तो नवा दिसत होता.

ठकूबाई भांगरे डोक्यावर टोपली घेऊन रस्त्याने आली आणि सरांच्या फाटकावरून पुढे निघाली.

"ठकूबाई, इकडं," सरांनी हाक मारली.

"तुमच्याकडं न्हाय. सरांकडं जायचंय."

"अहो, मीच सर."

ठकूबाईने भिंतीवरची चार भोकं मोजल्यासारखी बघितली. "मंग नाव कुठंय?"

"सोळा वर्षं ओळखता तुम्ही मला."

"वळखते की! पर गेल्या साली तुम्हीच म्हनला, ठकूबाई, मला तोंडानं इचारत जाऊ नका, नावावर बघत जा. म्हनला का न्हाय?"

"म्हणालो."

"मंग आता मधी का येता?"

तिच्या टोपलीत मातीने माखलेले दुबेळके कंद होते. नांगराच्या फाळासारखे.

सर तिच्यामागून गेले. प्लॉटवर रांग होती. ती मोडून पुढे जाणं त्यांना जमलं नाही, म्हणून ते शेवटी उभे राहिले. रांगेच्या दोन्ही बाजूंना वेलींवरून रमीच्या, वजन घटवायच्या पावडरीच्या जाहिराती लोंबत होत्या. आतला माणूस डहाळीकडे न बघता प्रत्येकाला एकच उत्तर देत होता. "खा." एवढं स्पष्ट उत्तर लोकांना आजवर मिळालं नव्हतं. ते खूश होऊन जात होते आणि आणखी लोकांना घेऊन येत होते. ठकूबाईलाही त्याने "खा" सांगितलं. तिने अर्धे कंद प्रमिलाताईंना द्यायला बाजूला काढले. दरवर्षी ती पहिला वाटा सरांच्या घरी द्यायची.

सरांचा नंबर आला.

"नाव?" माणसाने विचारलं.

"वाकचौरे."

"ते माझं आहे."

"ती सगळी माहिती मी लिहिली होती."

"मग ती तुमच्याकडेच आहे की. मी एक अक्षर नेलेलं नाही. मी फक्त नाव घेतलंय."

"तुम्ही कळलावी बघितली आहे का कधी?"

"मी जाहिराती बघतो," माणूस म्हणाला. "आणि एक सांगू का काका, राग मानू नका. तुमचं ते खात्री नाही, खात्री नाही, लोक कंटाळले होते हो."

सरांना ते पटल्यासारखं झालं. याचीच त्यांना भीती वाटली.

"परत पाहिजे असेल तर?"

माणसाने आकडा सांगायला सुरुवात केली. तो सांगून होईपर्यंत ऊन प्लॉटवरून उतरून रस्त्यापलीकडे गेलं.

बुधवारी गॅसचा सिलेंडर समोर गेला. टपालही गेलं. कपाटातल्या वाळवलेल्या नमुन्यांच्या कागदांवर 'संग्राहक' या शब्दापुढची जागा कोरी झाली. सरांनी पेनने नाव लिहून पाहिलं. शाई वाळली की ते नसायचं. घरातल्या खोल्या तेवढ्याच होत्या, पण दर खेपेला बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला जास्त वेळ लागू लागला, जसा परक्याच्या घरी लागतो. संध्याकाळी प्रमिलाताई त्यांना अहो म्हणाल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी त्यांनी दार उघडून सरांना खुर्ची दिली.

"सर समोर बसतात हल्ली," त्या म्हणाल्या. "तुम्ही लांबून आलात का, भाऊ?"

"प्रमिला, मी आहे."

"असू दे. जेवूनच जा आता."

स्वयंपाकघरात ठकूबाईची टोपली होती. कंद सोलून, चकत्या करून कढईत टाकलेले होते. मोहरी तडतडत होती. ओट्यावर उभ्या केलेल्या मोबाइलवर सरांचा फोटो होता, आणि खाली सरांचं नाव, आणि खाली एकच शब्द.

"ही कळलावी आहे," सर म्हणाले. "विषारी आहे. खात्री आहे माझी." जन्मात पहिल्यांदा ते हे वाक्य मोठ्याने बोलले.

"सरांनी लिहिलंय खा म्हणून. आमचे सर कधी उगीच लिहीत नाहीत. फार भित्रे आहेत हो त्या बाबतीत."

सरांनी कढई उचलली आणि परसात उपडी केली. प्रमिलाताई रागावल्या नाहीत. पाहुण्यावर कोण रागावतं? त्यांनी कढई विसळली आणि टोपलीतले कंद पुन्हा सोलायला घेतले. टोपली कमी झालेली दिसत नव्हती. सरांनी ती फाटकाबाहेर नेऊन ठेवली. रांगेतल्या कुणीतरी 'वाकचौरे सरांच्या घरची आहे ही' म्हणत ती परत आणून दिली.

बाराच्या सुमाराला पान वाढलं. भाकरी, कांदा, आणि पिवळसर चकत्यांची परतलेली भाजी. प्रमिलाताई स्वतःचं पान घेऊन बसल्या नाहीत. या घरात पाहुण्याचं पोटभर झाल्याशिवाय बाईने घास घ्यायचा नाही अशी रीत होती आणि त्यांनी ती चाळीस वर्षांत मोडली नव्हती.

"सुरुवात करा, भाऊ. मलाही भूक लागलीय."

सरांनी खिडकीबाहेर बघितलं. रांग प्लॉटवरून वळून आता त्यांच्याच भिंतीला टेकली होती. भिंतीवर एक वेल चढत होती, तिच्या पानाचं टोक दोऱ्यासारखं वळून स्क्रूच्या भोकात शिरलं होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. भाजी कडू होती. ती संपल्यावर त्यांनी पान पुढे सरकवलं.

"आणखी वाढा," ते म्हणाले.

"आवडली वाटतं," म्हणत प्रमिलाताईंनी वाढली. कढई काठोकाठ भरलेली होती.

"आणखी," सर म्हणाले.