पलीकडची पोच

आमचे जावई बढाई मारायला बसले की समोरच्याचं पोट भरलेलं आहे की रिकामं, हेही बघत नाहीत. आमची घरं पुराच्या पाण्यात गेलेली, आम्ही मदतीच्या गोदामाच्या पडवीत पथाऱ्या टाकलेल्या, आणि गोदामाचे हे मुख्य आम्हाला ब्लॉकचेन समजावून सांगतात.

"आई, इथून निघालेला प्रत्येक डबा सगळ्या कचेऱ्यांत एकदमच नोंदला जातो. माल पोचला की यंत्रावर अंगठा. लागलेला अंगठा कुणाच्या बापाला पुसता येत नाही. चोरीच बंद."

"चोर अंगठा घरी ठेवून येतात वाटतं," मी म्हटलं.

माझी लेक नदीपलीकडच्या दवाखान्यात नर्स. खालचा मजला बुडालेला, वर बाळंतिणी आणि पोरं. सकाळी तिचा फोन आला. "आई, प्यायचं पाणी संपलं. ह्यांना सांग, ट्रक आलाच नाही." एवढं बोलली आणि फोन बंद पडला.

जावयांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला.

"ट्रक पुलाच्या अलीकडेच कलंडला. ड्रायव्हर काल सांगून गेला."

"मग दुसरा का नाही पाठवला?"

"पोच दिलीय मी."

गोदामाची जुनीच रीत ती. ट्रक फाटकाबाहेर पडला की पोच देऊन टाकायची, म्हणजे पुढचा भरायला मोकळे. पलीकडे यंत्र नव्हतं, तिथला निरोप आल्यावर अंगठा जावयांनीच लावायचा होता. निरोपाची वाट बघायला ह्यांना सवड झाली नाही.

धक्क्यावर पाण्याचे कॅन भरून होडी उभी होती. यंत्र म्हणत होतं, पलीकडे माल पोचला, ही वरच्या वस्तीला न्या.

"पुसा ते," मी म्हटलं.

"पुसता येत नाही, आई. आधीची पोच खोटी होती अशी नवी नोंद करता येते. पण ती माझ्या नावानं सगळीकडे दिसणार, कायमची. नोकरी जाईल."

"जाऊ दे. करा."

"साहेबांशी एकदा बोलून घेतो."

साहेबांचा फोन लागेना. जावई नंबर फिरवत राहिले. धक्क्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या.

मी नावाड्याला म्हटलं, "बाबा रे, पलीकडे चल."

"मावशी, यंत्र सांगेल तिथंच उतरवायचं. नाहीतर डिझेल देत नाहीत मला."

तो वरच्या वस्तीकडे निघून गेला. होडी वळणाआड झाली तेव्हा कुठे जावयांनी नव्या नोंदीवर अंगठा टेकवला.

"आता पुढची होडी पलीकडेच जाईल," ते म्हणाले.

"कधी?"

"उद्या. पाणी चढलं नाही तर."

पलीकडे दवाखान्याच्या गच्चीवरून मघापर्यंत कुणीतरी पांढरी चादर हलवत होतं. आता गच्ची होती, चादर नव्हती. जावई माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे वळले.

"ते खोटं तुम्ही तळहातावरच्या फोडासारखं जपलंत, जावईबापू. माझ्या लेकीला नाही जपलंत."